लुर्डिन टीचर आणि तांडेलांच्या फाइली

एंटर दाबायच्या आधी लुर्डिन टीचर थांबायच्या. करंगळी त्या बटणाच्या वर अधांतरी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठ घट्ट मिटलेले. समोरची पोरं श्वास रोखून बसायची. काचेच्या पार्टिशनपलीकडे माझा हार्डवेअरचा वर्ग चालायचा, तिथे मीही बोलता बोलता थबकायचो. वास्तविक काही बॉम्ब निकामी करायचा नसायचा. सरावाच्या दहा-बारा फाइलींची नावं बदलायची असायची, एवढंच. पण बाईंनी वातावरणच असं करून ठेवलं होतं की एक फाइल इकडची तिकडे झाली तर अख्ख्या इंद्रलोक वस्तीचं पाणी तुटेल असं वाटावं.

"बोलून बघितलंस?" त्या स्वतःलाच विचारायच्या. मग करंगळी खाली यायची.

इंद्रलोकमधल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली फरसाणवाला, वर दातांचा डॉक्टर, आणि मधे आम्ही. मालक जिग्नेशभाई. मी मशिनं उघडायला शिकवायचो, टीचर लिनक्स शिकवायच्या. त्या यायच्या चौक नावाच्या गावाहून, म्हणजे पार उत्तनपलीकडून. आधी रिक्षा, मग बस, मग स्टेशनचा पूल, मग पुन्हा रिक्षा. एवढं सगळं करून त्या वेळेवर पोचायच्या, आणि मी चालत पाच मिनिटांवर राहूनही उशीर करायचो. त्यावरून मला रोज ऐकावं लागायचं.

उंची जेमतेम, खांदे रुंद, केस मागे करकचून बांधलेले, गळ्यात बारीक क्रॉस. आवाज मात्र किनाऱ्यावरून बोटीवरच्या माणसाला हाक मारणाऱ्या घरातला. वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, निम्मी पोरं हिंदीवाली असल्यामुळे मधेच हिंदी. संतापल्या की मात्र सरळ चौकला पोचायच्या. 'नाही'चं 'न्हाय' झालं की पोरं समजायची, आता मान खाली घालून बसायचं.

त्यांचा हातखंडा विषय म्हणजे लूप. एखाद्या फोल्डरमध्ये, त्याच्या पोटातल्या फोल्डरमध्ये, जिथे जिथे हव्या तसल्या फाइली आहेत त्या शोधून काढायच्या आणि प्रत्येकीवर एकच काम करायचं. नाव बदल, हलव, नाहीतर पुसून टाक. दोन-तीन ओळी लिहिल्या की यंत्र हजारो फाइलींचं काम चुटकीसरशी करतं. टीचरना त्या चुटकीचीच भीती होती. म्हणून त्यांचा नियम होता की पहिल्यांदा 'पुस' लिहायचं नाही, तिथे 'इको' लिहायचं. मग यंत्र काही करत नाही, आपण काय करणार आहोत ते नुसतं पडद्यावर बोलून दाखवतं. ते नीट वाचायचं, पटलं तरच खरं काम करायला लावायचं.

"आधी बोलून दाखव, मग कर," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

हा नियम त्या यंत्रापुरता ठेवत्या तर काही नव्हतं. रिक्षावाल्याला त्या मीटर टाकायच्या आधी विचारायच्या, "पहले बोलो, किधर से जाओगे." खालच्या फरसाणवाल्याला ऑर्डर दिली की परत म्हणून दाखवायला लावायच्या. एकदा तर वरच्या डॉक्टरला दाढ काढायच्या आधी "कुठली काढतोयस ते बोट लावून दाखव" म्हणाल्या होत्या. डॉक्टर दुखावला. पण त्याने बोट लावलं, आणि ते शेजारच्या दाढेवर लागलं, असं टीचर सांगायच्या. डॉक्टर वेगळं सांगायचा.

लूपमधली सगळ्यात मोठी खोड म्हणजे मोकळी जागा. फाइलच्या नावात दोन शब्दांच्या मधे जागा असली, की साधा लूप त्या जागेवर नाव तोडतो आणि तुकड्यांनाच फाइल समजतो. हे शिकवायला त्या वर्गातल्या एका मुलीला दाराबाहेर उभी करायच्या. मग एका मुलाला हजेरी घ्यायला सांगायच्या, पण शब्द तोडून. "मेरी?" बाहेरची मुलगी आत यायला लागली की टीचर ओरडायच्या, "तू कुठे? तुझं नाव मेरी जोसेफ परेरा हाय. नुसती मेरी या वर्गात न्हाय." "जोसेफ?" गैरहजर. "परेरा?" गैरहजर. "बघितलं? तीन माणसं गैरहजर लागली, आणि खरी मुलगी दारातच उभी." दर बॅचला हा प्रयोग व्हायचा आणि दर बॅचला मी पार्टिशनपलीकडून बघायचो.

जिग्नेशभाईंशी त्यांचं एकदा जुंपलं होतं. क्लासच्या मोठ्या मशिनवर जागा संपत आली होती. जिग्नेशभाईंना जुना पसारा त्या दिवशीच काढून हवा होता. "टीचर, दो मिनिट का काम है. उड़ा दो ना." टीचरनी आधी यंत्राला बोलायला लावलं आणि त्याचा कागद छापून शांतपणे वाचायला बसल्या. दुपार झाली, चहा झाला, जिग्नेशभाई येरझारा घालून घामाघूम. शेवटी टीचरनी एका ओळीखाली पेन्सिल ओढून कागद त्यांच्यापुढे धरला. त्या ओळीत जिग्नेशभाईंच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंचा फोल्डर होता. घरी जागा नाही म्हणून त्यांनीच तो तिथे ठेवला होता. जिग्नेशभाई खुर्चीत बसले. त्यानंतर त्यांनी टीचरना घाई करायचं सोडून दिलं.

पण ही सगळी आठवडाभराची टीचर. शनिवारची टीचर वेगळी होती. ती मला बऱ्याच उशिरा कळली, आणि तीही त्यांचा घरचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून.

आम्ही मूळचे परभणीकडचे. समुद्र म्हणजे लांबून बघायची गोष्ट. बोटीवर तांडेल नावाचा माणूस असतो, तो बोट चालवतो, जाळं कुठे टाकायचं ते ठरवतो, आणि त्याच्याकडे जीपीएसचं यंत्र असतं, हे मला चौकमध्येच समजलं. मासा लागणारी जागा सापडली की तो त्या यंत्रात खूण करून ठेवतो. त्या खुणेला ते पॉइंट म्हणतात. काही पॉइंट बापाकडून आलेले, काही स्वतः जन्म घालवून मिळवलेले. तांडेल बायकोला पगार सांगेल, पॉइंट सांगणार नाही. आणि ते यंत्र खाऱ्या हवेत कधी दगा देईल त्याचा भरवसा नाही. ते मेलं की सगळे पॉइंट त्याच्याबरोबर गेले.

म्हणून शनिवारी चौकचे तांडेल आपापलं यंत्र फडक्यात गुंडाळून लुर्डिन टीचरच्या घरी यायचे. पुढच्या खोलीत वेदीशेजारी एक जुनाट कॉम्प्युटर होता, भरतकामाच्या कापडाखाली झाकलेला. टीचर यंत्र जोडायच्या, त्यातलं सगळं उतरवून घ्यायच्या, आणि मग नाव द्यायची वेळ आली की खुर्ची तांडेलाला देऊन स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. नाव तांडेलाने टाइप करायचं. त्याला जे सुचेल ते, इंग्रजी अक्षरांत, दोन बोटांनी. फोल्डरही माणसागणिक नव्हते, शनिवारागणिक होते, सगळ्यांचं एकत्र. कुठली फाइल कुणाची हे टीचरना ठाऊक नव्हतं आणि ते ठाऊक नसणं हाच त्यांनी गावाला दिलेला शब्द होता.

"आत काय असतं, कधी बघितलं नाहीत?" मी एकदा मशिन साफ करता करता विचारलं.

"कांबळे, तू दुसऱ्याच्या घरात जेवायला गेलास की त्याचं कपाट उघडतोस काय?"

पुढ्यात बोंबलाची चटणी आली, ती खाल्ली.

या सगळ्याला तडा गेला तो दुमिंगमुळे. दुमिंग त्यांचा चुलतभाऊ, वयाने लहान, गावातला पट्टीचा तांडेल आणि तितकाच संशयी. सरकारने बोटींवर बसवलेलं ठावठिकाणा सांगणारं यंत्रसुद्धा तो खोल पाण्यात गेला की बंद करून टाकायचा, का, तर कुणी मागे येईल. एका मोसमात त्याच्या खास जागेवर दुसऱ्याच कुणाचं तरी जाळं पडलेलं त्याला दिसलं. दुमिंग तडक चर्चच्या आवारात आला. मिस्साची प्रार्थना सुटून गाव बाहेर पडत होतं. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "लुर्डिनबाय, माझा पॉइंट तू फोडलास."

ही हकिकत टीचरनी मला सांगितली नाही. चौकमध्ये सगळ्यांनी सांगितली.

टीचरनी त्याला घरी नेलं, कॉम्प्युटर लावला आणि म्हणाल्या, "तुझ्या फाइली कुठल्या ते दाखव. आत्ता पुसते, तुझ्यासमोर."

दुमिंग पडद्याकडे बघत उभा राहिला. दाखवायच्या म्हणजे आपल्या कुठल्या ते हिला कळणार. आणि एकदा कळलं की हिने दुसरीकडे कॉपी ठेवली नसेल कशावरून? तो म्हणाला, "पुसून टाक माझ्या."

"कुठल्या?"

"माझ्या."

"अरे, कुठल्या त्या?"

"ते मी सांगणार न्हाय."

तासभर हे चाललं म्हणतात. शेवटी तो पाय आपटत गेला, फाइली तिथेच राहिल्या, आणि बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. टीचर वर्गात नेहमीसारख्या येत राहिल्या. फक्त डब्यातलं अर्धं तसंच परत जायला लागलं.

त्यानंतरच्या वर्षी, पावसाळा सरून बोटी सुटल्यावर, मधेच दोन दिवस वेड्यासारखा वारा सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी टीचरचा फोन आला.

"कांबळे, माझा कॉम्प्युटर उठत न्हाय. तू ये. आत्ता."

'आत्ता' हा शब्द मी त्यांच्या तोंडून स्वतःच्या कामासाठी कधी ऐकला नव्हता. मी क्लासमधल्या एका मशिनचा पॉवर सप्लाय काढला, जिग्नेशभाईंना "बाद में बोलता हूँ" म्हटलं आणि बाइकला किक मारली. राई, मोर्वा, डोंगरी मागे गेलं. वारा एवढा होता की उत्तनच्या वळणावर बाइक आडवी होता होता राहिली.

टीचरच्या अंगणात बायका उभ्या होत्या. आत चार तांडेल, अंगात रेनकोट, पायात बूट. सगळ्यात म्हातारे पास्कू बाबा. खुर्चीत दुमिंगची बायको कार्मेलिन, मांडीवर एक रिकामा खोका.

सगळ्या बोटी परतल्या होत्या, दुमिंगची तेवढी आली नव्हती. तो आणि सहा खलाशी. वायरलेसला उत्तर नाही. सरकारी यंत्र त्याने नेहमीप्रमाणे बंद केलेलं. शोधायला जायला चार बोटी तयार होत्या, पण जायचं कुठे? दुमिंग बंदरातून निघताना सगळ्यांच्या देखत वायव्येला जायचा, तेव्हा वायव्येलाच शोधायचं असं ठरत होतं. आणि ओहोटी लागली होती. पाणी उतरलं की बोटी चिखलात बसणार, मग पुढच्या भरतीपर्यंत कुणी हलू शकत नव्हतं.

मी जमिनीवर बसून सप्लाय बदलायला लागलो. टीचर माझ्या डोक्यावर उभ्या राहून तांडेलांना समजावत होत्या.

"गेल्या वर्षी याच दिवसांत तो कुठे होता ते या कॉम्प्युटरात हाय. पण कुठली फाइल त्याची, ते मना ठाऊक न्हाय. या खोक्यावर त्याच्या जीपीएसचा नंबर हाय. तो नंबर प्रत्येक फाइलीच्या आत आपोआप लिहिलेला असतो. मी यंत्राला एकेक फाइल बघायला लावते."

"आमच्या पण?" एक तांडेल म्हणाला.

"तुमच्या पण."

माणूस समुद्रात होता, त्याला शोधायला हे जिवावर उदार होऊन निघाले होते, आणि तरीही चौघांचे चेहरे आवळले गेले. मला तेव्हा त्यांचा राग आला. आता येत नाही.

"मी न्हाय बघणार," टीचर म्हणाल्या. "यंत्र बघेल. नंबर जुळला तर त्या फाइलीचं नुसतं नाव सांगेल. न्हाय जुळला तर तोंड उघडणार न्हाय. तुमचं नाव पडद्यावर येणार न्हाय. शब्द देते."

पास्कू बाबांनी खिडकीतून पाण्याकडे बघितलं. "कर बाय. बिगी कर."

कॉम्प्युटर उठला. टीचर बसल्या आणि लिहायला लागल्या. गेल्या वर्षीच्या याच दिवसांतल्या शनिवारच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली लूपच्या हातात द्यायच्या, प्रत्येकीत नंबर आहे का बघायचं, असेल तर बोलायचं, नसेल तर गप्प. आणि काही चुकलं तरी गप्प, कारण तक्रार करताना यंत्र फाइलीचं नाव घेतं आणि ते पडद्यावर दिसलं असतं. शब्द पाळायचा म्हणून त्यांनी यंत्राच्या तक्रारींचं तोंडच बांधून टाकलं. ओळ संपली आणि त्यांनी लगेच एंटर दाबलं. करंगळी थांबली नाही.

पडद्यावर काहीच आलं नाही. खालच्या ओळीवर ती छोटी खूण लुकलुकत राहिली.

"झालं?" पास्कू बाबांनी विचारलं.

"झालं."

"न्हाय?"

"न्हाय."

कार्मेलिनने खोक्याचं झाकण लावलं. ती रडली नाही. खोका छातीशी धरून नुसती बसली, आणि ते बघवत नव्हतं. तांडेल दाराकडे वळले. वायव्येला. दुसरं काय करणार होते?

"थांबा," टीचर ओरडल्या.

"पाणी थांबत न्हाय, टीचर."

"मी बोलून न्हाय बघितलं!"

खोलीतल्या कुणालाही ते समजलं नाही, मला सोडून. दोन बोटांनी टाइप केलेली ती नावं. तांडेल काय वर्गातली पोरं होते, मधे जागा सोडायची नाही हे त्यांना कुणी शिकवलं होतं? आणि शिकवणार कोण, शिकवणारी तर खिडकीकडे तोंड करून उभी.

पण खात्री करायची तर यंत्राला बोलू द्यायला हवं होतं. म्हणजे सगळी नावं पडद्यावर येणार. टीचरनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्या पडद्याकडे बघत बसल्या. किती वेळ ते सांगता येत नाही, फार नसेल, पण मला मात्र खिडकीबाहेरचं पाणी उतरताना दिसायला लागलं होतं. ज्या बाईने एवढी वर्षं स्वतःला मान वळवू दिली नव्हती तिला आता ती वळवायची होती, तीही त्या सगळ्यांच्या देखत.

मग त्या म्हणाल्या, "तोंडं भिंतीकडे करा. सगळ्यांनी. नावं मी बघणार. मी एकटी."

कुणी हललं नाही.

"करा रे!" पास्कू बाबा गरजले आणि स्वतः आधी वळले. मग बाकीचे. रेनकोटांचा चरचर आवाज झाला. "कांबळे, तू पण," टीचर म्हणाल्या. मीही वळलो. माझ्यासमोर भिंतीवर एका पतपेढीचं कॅलेंडर होतं, त्यावरची गाय मी अजून विसरलेलो नाही.

मागे बटणांचा आवाज. थांबणं. पुन्हा आवाज. मग टीचरचं पुटपुटणं, "तुकडे... सगळ्यांचे तुकडे केलेत मेल्याने." आता त्या यंत्राला नवीन सांगत होत्या. नावं जागेवर तोडू नको, प्रत्येक नावाच्या शेवटी अशी खूण लाव जी नावात कधी येऊच शकत नाही, आणि त्या खुणेपर्यंतचं सगळं अख्खं घे. बाहेर कुणीतरी ओरडलं, "बाबा, बोट टेकायला आली!" पास्कू बाबा भिंतीकडेच तोंड करून उभे राहिले. माझ्या शेजारच्या तांडेलाचे ओठ हलत होते, प्रार्थना असावी. आणि मग मागे एकदम शांत झालं. मला माहीत होतं ती शांतता कसली आहे. करंगळी बटणाच्या वर थांबली होती.

एक बटण वाजलं.

"गाढव," टीचर म्हणाल्या. "गाढव मेला. वळा सगळे."

पडद्यावर एकच ओळ होती. इंग्रजी अक्षरांत, जागा सोडून सोडून लिहिलेलं फाइलचं नाव: लुर्डिनबायला सांगू नको.

भांडणाच्या कितीतरी आधी, ती खिडकीशी उभी असताना, तिच्या पाठीमागे बसून त्याने हे लिहिलं असणार. हसत असणार.

"कार्मेलिन, उघडू?" टीचरनी विचारलं. "उघडलं की या चौघांना त्याचा पॉइंट कळणार. त्याची सगळी कमाई हाय ती."

कार्मेलिन उठून उभी राहिली. "मना माणूस पायजे. पॉइंट घाल चुलीत."

टीचरनी फाइल उघडली. पास्कू बाबा वाकले, आकडे वाचले, आणि त्यांच्या तोंडून शिवी निघाली. पॉइंट दक्षिणेला होते. सगळे. दुमिंग गावाच्या देखत वायव्येला निघायचा आणि नजरेआड झाला की गर्रकन दक्षिणेला वळायचा. वर्षानुवर्षं. चार बोटी त्याला शोधायला नेमक्या उलट्या दिशेला निघणार होत्या.

ते धावत गेले. शेवटची बोट गावातल्या माणसांनी खांदे लावून चिखलातून ढकलली. त्या ढकलणाऱ्यांत परभणीचा मीही होतो.

दुमिंग दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. त्याच्या पॉइंटपासून आणखी खाली वाहत गेला होता. इंजिन बंद, पाणी संपलेलं, एका खलाशाचा हात मोडलेला, पण सातही जण जिवंत. पास्कू बाबांनी बोट बांधून आणली. मी त्या दिवशी क्लासला दांडी मारून तिथेच होतो. दुमिंगला धरून उतरवलं तेव्हा त्याचे ओठ फुटलेले होते. कार्मेलिन त्याला बिलगली. तिच्या खांद्यावरून त्याला गर्दीत टीचर दिसल्या.

"कोणी सांगितलं मी कुठे हाय ते?"

"मी," टीचर म्हणाल्या.

"तुला पुसून टाक म्हटलेलं."

"कुठल्या ते तू सांगितलं न्हायस."

तो हसला आणि ओठांतून रक्त आलं. टीचर पुढे झाल्या, त्याच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला, आणि पदर तोंडाशी धरून तडक घरी निघून गेल्या.

मला वाटलं, इथे सगळं सुखाने संपलं. पण त्या बाईला सुखाने संपणं मंजूर नव्हतं. पुढच्या शनिवारी त्यांनी प्रत्येकाच्या यंत्राचा नंबर मागून घेऊन सगळ्यांच्या फाइली वेगळ्या काढल्या, एकेक पेनड्राइव्हवर भरल्या, आणि चौकच्या घराघरांत गेल्या. प्रत्येक दारात एकच वाक्य. "मी नावं बघितली. आतलं न्हाय. पण नावं बघितली." मग पेनड्राइव्ह हातात ठेवायचा आणि पुढचं दार. कुणी त्यांना दोष दिला नाही. पास्कू बाबा तर म्हणाले, "ठेव की तुझ्याकडे." टीचर म्हणाल्या, "न्हाय. आता माझ्याकडे ठेवायसारखं राहिलं न्हाय."

मी चिडलो. अक्षरशः भांडलो त्यांच्याशी, क्लासच्या जिन्यात. सात माणसं वाचवली तुम्ही, आणि वर प्रायश्चित्त कसलं घेताय?

"कांबळे," त्या म्हणाल्या, "सात माणसं परत आली म्हणून शब्द मोडला नाही असं होत नाही. मोडला तो मोडला. परत वेळ आली तर परत मोडेन. पण आता गावाने माझ्यावर भरवसा कशावर ठेवायचा?"

पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर त्यांनी मला देऊन टाकला. शनिवारी त्या काय करायच्या कोण जाणे.

त्यानंतर वर्षाभराने टीचरनी क्लास सोडला. मुलगी दुबईला होती, तिला बाळ झालं होतं, तिकडे जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी सामान उचलू लागायला चौकला गेलो. बॅगा अंगणात ठेवल्या होत्या, गाडी यायची होती. टीचर म्हणाल्या, "चल, बंदरावर जाऊन येऊ."

बोटी सुटायची वेळ होती. दुमिंगची बोट नुकतीच बाहेर पडली होती आणि लांब वायव्येला चालली होती, नेहमीसारखी. त्याच्या मागे चार बोटी होत्या, इंजिनं चालू, पण जागच्या हलत नव्हत्या. सगळ्यात पुढच्या बोटीवर पास्कू बाबा सुकाण धरून उभे होते, आणि त्यांची बोट नुसती धडधडत होती.

"बिघाड झालाय का?" मी विचारलं.

"न्हाय. दुमिंग दिसेनासा होईपर्यंत थांबतात."

"का?"

"तो कुठे वळतो ते दिसू नये म्हणून."

"पण त्यांना तर ठाऊक आहे आता."

"ठाऊक हाय," टीचर म्हणाल्या. "त्या दिवसापासून रोज थांबतात. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मना कोणी बोललं न्हाय. दक्षिणेला एकानेपण जाळं टाकलेलं न्हाय."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मागून गाडीवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी नुसता हात वर करून त्याला थांबवलं. दुमिंगची बोट बारीक होत होत नाहीशी झाली. मग पास्कू बाबांनी हात हलवला आणि चारही बोटी एकामागून एक बाहेर पडल्या, वायव्येला.